लाल बावटा कलापथक

लाल बावटा कलापथक हे इ.स. १९४४ मध्ये मुंबईत स्थापन झालेले मराठी शाहिरांचे पथक होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे संस्थापक. कम्युनिस्ट चळवळीशी जोडलेल्या या पथकाने पोवाडा, लावणी व तमाशा या पारंपरिक प्रकारांतून कामगार व शेतकऱ्यांचे प्रश्न मांडले.

पार्श्वभूमी

पथक स्थापन होण्यापूर्वीच हे तिघे गाणारे आणि लिहिणारे कार्यकर्ते होते. वाटेगाव (जि. सांगली) येथील अण्णा भाऊंनी बापू साठे या नातलगाच्या तमाशाच्या फडात काम केले होते आणि मुंबईत गिरणी कामगाराचे जीवन अनुभवले होते. स्टालिनग्राडच्या लढाईवरील त्यांच्या पोवाड्याने शाहीर म्हणून त्यांचे नाव झाले. बार्शीचे अमर शेख (मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल) हेही कामगार चळवळीतून आले. खड्या, पहाडी आवाजासाठी ते ओळखले जात.

तमाशाचे नवे रूप

पथकाचे खरे महत्त्व त्याने जुन्या घाटाशी केलेल्या व्यवहारात आहे. तमाशा गणाने, म्हणजे गणेशवंदनेने, सुरू होतो व पुढे गौळण येते. अण्णा भाऊंनी गणात मातृभूमी, हुतात्मे आणि श्रमिक यांना वंदन केले आणि गौळण वगळली. ढोलकी, डफ, तुणतुणे, सवालजवाब आणि सोंगाड्याची हजरजबाबी मात्र त्यांनी सोडली नाही. फडावर वाढलेल्या प्रेक्षकाला ती भाषा शिकवावी लागत नव्हती. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही या पद्धतीची वगनाट्ये होत.

लावणीबाबतही हेच दिसते. पठ्ठे बापूरावांच्या मुंबईवरील लावणीत शहराचे वैभव येते. अण्णा भाऊंच्या ‘मुंबईची लावणी’त त्या वैभवाशेजारीच चाळी, बेकारी आणि उपासमार उभी आहे. शहर एकच, पण पाहणारा फुटपाथवरचा आहे.

बंदी आणि लोकनाट्य

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली व तिची झळ या पथकालाही बसली. तेव्हा अण्णा भाऊंनी आपल्या प्रयोगांना ‘लोकनाट्य’ म्हणण्यास सुरुवात केली. सरकारी अडचणीतून रूढ झालेला हा शब्द पुढे मराठी रंगभूमीवर स्थिरावला आणि चळवळीशी संबंध नसलेल्या नाटकांनाही लागू लागला.

संयुक्त महाराष्ट्र चळवळ

इ.स. १९५६ नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांचा आवाज सर्वदूर पोहोचला. मुंबई कोणाची, हा त्या काळचा कळीचा प्रश्न अण्णा भाऊंनी ‘माझी मुंबई’ या लोकनाट्यात हाताळला. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड याच काळातील. पोटासाठी मुंबईत आलेल्या पुरुषाची गावी राहिलेल्या पत्नीसाठीची तगमग तीत आहे, आणि अखेरीस हाच विरह मुंबई, बेळगाव, कारवार यांवाचून अपुऱ्या राहणाऱ्या महाराष्ट्राचा होतो. राजकीय गाण्यात इतकी घरगुती वेदना क्वचितच आढळते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी मुंबईसह अस्तित्वात आले. बेळगाव आणि कारवार मात्र त्याबाहेरच राहिले.

अण्णा भाऊ साठे यांचे १८ जुलै १९६९ रोजी निधन झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, अमर शेख यांचा अपघातात मृत्यू झाला.