मनोपचाराचे मोल

मनाच्या दुखण्यावर इलाज घेणे ही धनिकांची चैन, असे आम्ही वरचेवर ऐकतो. तक्रार जुनीच आहे. खुद्द फ्रॉइडने १९१३ साली फुकट उपचारांविरुद्ध लिहिले. सुमारे दहा वर्षे रोज एखादा तास विनामूल्य देऊन पाहिल्यावर, फी नसली की रुग्णाचा आंतरिक विरोध वाढतो, असे त्याला आढळले होते. पुढे महायुद्ध झाले. सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत तोच फ्रॉइड म्हणाला की, शस्त्रक्रियेइतकाच मनाच्या उपचारावरही गरिबाचा हक्क आहे.

१९२० साली बर्लिनमध्ये तसा दवाखाना निघाला. रुग्णाने आपल्याला झेपेल तेवढेच द्यावे. तूट माक्स आयटिंगोन घरच्या संपत्तीतून भरून काढी. व्हिएन्नाने १९२२ साली निराळी तोड काढली. प्रत्येक विश्लेषकाने एक रुग्ण फुकट पाहावा, नाही तर त्या वेळेचे पैसे दवाखान्यास भरावेत. आम्हास ही तोड अधिक मोलाची वाटते, कारण तीत भिस्त एका श्रीमंताच्या औदार्यावर नव्हती. १९३८ साली ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेला आणि तो दवाखाना बंद पडला.

आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावयास लावले. २०२२ पासून १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनीही आहे. पण आठवड्यामागून आठवडे समोर बसून ऐकणाऱ्याचा मोबदला कोणी द्यावा, हे आमच्या धर्मग्रामातील माणसे अजून विचारतात.