जलदुर्गांची वाट खाडीवरून

मंडळी, किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. समुद्राकाठचे किल्ले पाहावयाचे, तर मात्र भिवंडीच्या खाडीवरून निघावे. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच या खाडीत लढाऊ गलबते बांधावयास काढली. कामावर पोर्तुगीज कारागीर होते; ते मध्येच सोडून गेले. तरी काम थांबले नाही. पुढे १६६४ साली मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया पडला. म्हणजे आधी गलबत, मग तट! गलबतावाचून जलदुर्ग म्हणजे पाण्यात अडकलेली शिबंदी. तिला दाणागोटा पोचवणार कोण?

याच खाडीने खाली गेले की मुखाशी वसईचा कोट लागतो. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी तटाला सुरुंग लावून ती घेतली. फार माणसे कामी आली.

गुरुजी, सहलीत मुलांना तट जरूर दाखवा, पण आधी घटकाभर खाडीवर थांबा. तटाचे दगड अजून दिसतात. गलबते बांधणारे सुतार आणि ती हाकणारे खलाशी दिसत नाहीत. त्यांची ओळख तुम्हीच करून द्यायची.