शिबंदीचा हिशेब

रामटेकच्या गडावर वराह दरवाजा, सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा असे एकेक दरवाजे ओलांडत आपण राममंदिरापाशी पोहोचतो. यातल्या एका पटांगणात मराठेशाहीत शस्त्रागार होते. पहिल्या रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकात या देवस्थानाचा जीर्णोद्धार केला, तेव्हापासून नागपूरच्या राजघराण्याचे हे श्रद्धास्थान. देवाच्या शेजारीच दारूगोळा ठेवलेला. ती शस्त्रे उचलणारे हात मात्र बहुतेक या मुलखातले नव्हते, हे भाविकांना आणि पर्यटकांना कुणी सांगत नाही.

दुसऱ्या रघुजींच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे 1803 पूर्वी, नागपूर राज्याचा वसूल सुमारे एक कोटी रुपये होता. फौज होती 18,000 घोडदळ आणि 25,000 पायदळ. पायदळातले 11,000 कवायती, शिवाय 4,000 अरब आणि नव्वदच्या आसपास तोफा. घोडेस्वारांची भरती पुण्याकडून होई. पायदळात उत्तर हिंदुस्थान आणि राजपुतान्यातून पोट भरायला आलेली माणसे असत. अरब येत ते बहुतेक येमेनच्या हदरामौत भागातून. नांदेड-औरंगाबादकडची चाऊस आडनावाची घरे आपल्याला ठाऊक असतात, त्यांची मुळेही तिकडचीच. वैनगंगेकाठच्या कुणब्याने, गोंडाने, कोष्ट्याने या राज्याला धारा दिला, तो बाहेरच्या मनगटांवर खर्च झाला.

यात भोसल्यांचे काही वेगळे होते असे नाही. पेशवे, शिंदे, होळकर, निजाम, सगळ्यांचे असेच चाले. पैसा कसा जाई, ते पाहण्यासारखे आहे. सरकार शिपायाला ओळखत नसे, ओळखे जमादाराला. जमादाराने ठरलेली माणसे हजर करायची, त्यांच्या नावाने रक्कम उचलायची आणि वाटायची. शिबंदी, जमादार, हजिरी, मुशाहिरा हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठी दप्तरात आले आणि घरचे झाले. व्यवस्थाही तशीच घरची झाली. कागदावर शंभर आणि मैदानात सत्तर, ही तक्रार त्या काळच्या कुठल्याही दरबाराला नवी नव्हती.

आज सरकारी कार्यालयाच्या फाटकावर उभा असलेला रक्षक कुणाचा नोकर, असे विचारा. उत्तर बहुधा एखाद्या एजन्सीचे नाव येईल. कार्यालय बिल एजन्सीला देते, एजन्सी पगार देते, मधे किती गळते ते रक्षकालाच माहीत. म्हणूनच महाराष्ट्राला 1981 साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा करून मंडळे नेमावी लागली, आणि 2010 साली राज्य सुरक्षा महामंडळाचा कायदा करावा लागला. जमादार गेला, पण त्याची जागा रिकामी राहिली नाही.

1803 मध्ये असई, आडगाव आणि गाविलगड असे तीन पराभव झाले. डिसेंबरात देवगावचा तह झाला. कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. रघुजींचा वसूल घटला. त्यांनी उरलेल्या मुलखातून तूट भरून काढायला सुरुवात केली आणि लोकांनी त्यांना ‘बडा बनिया’ म्हणायला. नवे कर बसले, मक्ते वाढले, आणि फौजेचा पगार थकू लागला. पगार थकला की शिपाई घरी जात नाही. घर हजार कोस दूर असेल तर मुळीच नाही. तो खेड्यात शिरतो आणि आपला पगार स्वतः वसूल करतो. राज्याला वाटले खर्च वाचला. तो रयतेच्या कणगीतून गेला, एवढेच.

त्यात पेंढारी आले. पेंढाऱ्याला पगारच नसे. लूट हाच त्याचा मुशाहिरा, म्हणजे दरबाराच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त कंत्राट. मराठा सरदारांनी त्यांना आपल्या मोहिमांमागे असेच वापरले होते. 1811 मध्ये पेंढाऱ्यांनी थेट नागपुरावर येऊन बाहेरच्या वस्त्या जाळल्या. नागपूर भागातल्या खेड्यांत ढासळलेल्या मातीच्या गढ्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच वर्षांतल्या. गावकऱ्यांनी आपल्या हाताने बांधलेल्या. स्वार दिसले की बायकापोरे, गुरे आत घ्यायची आणि तटावरून दगड, भाले, असेल ते चालवायचे. बाहेरचे पीक आधीच गेलेले असे. संरक्षणासाठी सरकारात धारा भरून झाल्यावर त्याच संरक्षणासाठी या लोकांनी माती वाहिली. मला या काळातली सर्वांत बोलकी हिशेबवही म्हणजे या गढ्याच वाटतात.

दुसरे रघुजी मार्च 1816 मध्ये वारले. मुलगा परसोजी राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हता. चुलतभाऊ आप्पासाहेबांनी कारभार हाती घेतला आणि मे महिन्यात रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सशी तैनाती फौजेचा तह केला. वर्षाला साडेसात लाख रुपये द्यायचे आणि कंपनीने फौज पुरवायची. अरबांचा जमादार आणि कंपनी यांच्यात तसा फरक काय? दोघेही बाहेरून आलेले, दोघेही पैसे घेऊन लढणारे. पण जमादार पगारासाठी दाराशी धरणे धरून बसे, तर कंपनीने आपल्या पगाराची तजवीज तहातच करून ठेवली. वसुलीवर तिचा डोळा पहिल्या दिवसापासून होता.

हाच खेळ बडोद्याला चौदा वर्षे आधी होऊन गेला होता. तिथे गायकवाडांच्या कर्जाला, करारांना अरब जमादार जामीन राहत. त्यांच्या हमीवाचून सावकार दरबारावर विश्वास ठेवत नसत. 1802 मध्ये कंपनीने अरबांची थकबाकी भागवण्याची सोय लावली, त्यांना हुसकावले आणि जामीनदाराच्या जागेवर स्वतः जाऊन बसली. गायकवाडांचा पहारेकरी बदलला, धनको राहिलाच.

नागपुरात 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई सुरू झाली. आप्पासाहेबांकडे सुमारे 18,000 माणसे. त्यात तीन-चार हजार अरब, त्यांचे नेतृत्व मनभटाकडे. अरब मुसलमानांचा सरदार ब्राह्मण, याचे तेव्हा कुणाला नवल वाटले नाही. समोर कंपनीची जेमतेम तेराशे-चौदाशे माणसे, तीही मुख्यतः मद्रासकडचे हिंदू-मुसलमान शिपाई आणि बंगालच्या घोडदळाच्या तुकड्या. अरबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लहान टेकडी घेतलीही, पण दुपारपर्यंत लढाई हातची गेली. आपल्या पुस्तकांत हा सामना ‘इंग्रज विरुद्ध भोसले’ असा असतो. टेकडीवर मात्र दोन्हीकडे पोटार्थीच होते. एकाला महिन्याचा पगार ठरल्या दिवशी मिळे, दुसऱ्याला मिळेल तेव्हा.

डिसेंबरात आप्पासाहेब जनरल डव्हटनच्या छावणीत गेले. त्यांचे अरब आणि काही हिंदुस्थानी शिपाई गेले नाहीत. ते शहरात शिरले, वाडा धरला. 24 तारखेला कंपनीने जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या महालातल्या गांधी गेटवर, हल्ला चढवला. तो फसला. 30 डिसेंबरला अरब अटी ठरवून बाहेर पडले. बायकामुले, सामान, स्वतःची हत्यारे बरोबर, आणि मलकापूरपर्यंत संरक्षण. ज्यांना संरक्षणासाठी ठेवले होते त्यांना संरक्षणात पोहोचवले गेले.

या अरबांबद्दल दोन प्रकारच्या गोष्टी ऐकू येतात. एक, ते परके, उद्दाम, राजालाच ओलीस धरणारे. दुसरी आमच्याकडच्या मैफलींत निघते: ते दीनासाठी फिरंग्यांशी भिडलेले गाजी. मला दोन्ही पटत नाहीत. दीनासाठी लढायचे तर ते रामटेकच्या रामाला कुळाचा आधार मानणाऱ्या राजाच्या पदरी कशाला आले असते? आणि परके म्हणावे तर राजाने शरण गेल्यावरही त्याचा वाडा पाच-सहा दिवस नव्हे, दोन आठवडे कोणी धरून ठेवला? ती रोजगारासाठी आलेली माणसे होती. नोकरी गेली, बाकी कोण देणार ते कळेना, परतीची वाट शत्रूच्या हाती. अशा वेळी हातात असलेली एकमेव मालमत्ता, म्हणजे तो वाडा, त्यांनी सोडला नाही. हट्ट म्हणा, पण त्यात धर्म शोधायची गरज नाही.

1818 पासून आठ वर्षे अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने जेंकिन्सनेच राज्य चालवले. फौजेची बिले लावणारा आणि मंजूर करणारा आता एकच होता. नागपूरहून रामटेकला निघाले की कन्हान नदी ओलांडण्याआधी कामठी लागते. ही छावणी 1821 सालची, याच तैनाती व्यवस्थेतून उभी राहिलेली. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. तेव्हा गाजावाजा करून फौज आणावी लागली नाही, ती तेहतीस वर्षांपासून दारातच होती. आज तिथे भारतीय लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे.