आई-वडिलांनंतर बौद्धिक दिव्यांग व्यक्तींनी राहायचं कुठे? कायदा काय सांगतो?

‘आमच्यामागे याचं कसं होणार?’ बौद्धिक दिव्यांग मुलामुलींच्या पालकांना हा प्रश्न कायम छळतो. बहुतेक घरांत त्याची दोनच उत्तरं असतात: भावंडांनी सांभाळायचं किंवा संस्थेत ठेवायचं. २०११च्या जनगणनेत देशात अशा सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली होती. कायदा मात्र तिसऱ्या पर्यायाबद्दल बोलतो. तो म्हणजे चारचौघांसारखं, समाजात राहणं.

समाजात राहणं म्हणजे नेमकं काय?

भारतानं २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचं कलम १९ याच हक्काविषयी आहे. कुठे आणि कोणासोबत राहायचं, हे ठरवण्याची संधी इतरांइतकीच दिव्यांगांनाही मिळायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या कलम ५ नुसार कोणावरही विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती होऊ नये आणि गरजेप्रमाणे मदतनीस उपलब्ध व्हावा, यासाठी सरकारनं प्रयत्न करायचे आहेत.

त्यामुळे फक्त इमारत बदलून भागत नाही. चारच जण राहत असलेल्या घरातही जेवणाची वेळ, कपडे, बाहेर जाणं हे सगळं दुसरेच ठरवत असतील, तर ती छोटी संस्थाच झाली.

१८ वर्षांनंतर काय बदलतं?

१८ पूर्ण झाली की व्यक्ती कायद्यानं सज्ञान होते. पालक आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक किंवा मालमत्तेच्या व्यवहारात ही अडचण समोर येते. अशा वेळी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीवर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांनाही हा कायदा लागू आहे.

पालकत्व मिळालं म्हणजे सगळे अधिकार मिळाले का?

नाही. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. छळ, दुर्लक्ष किंवा मालमत्तेची अफरातफर केल्यास त्याला हटवता येतं. २०१६चा कायदा तर ‘मर्यादित पालकत्वा’ची कल्पना मांडतो: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार दोघांनी मिळून ठरवायचं.

योजना कोणत्या?

राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या समूहनिवासाची योजना आहे.

घरातून काय करता येईल?

दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि पालकत्वाची कागदपत्रं वेळेत करणं, भावंडांशी स्पष्ट बोलणं आणि मुलांना लहानपणापासून निवड करू देणं. आज कोणता शर्ट घालायचा, दुकानातून काय आणायचं, हे ठरवण्याची सवय असेल, तर उद्या कुठे राहायचं हेही तीच व्यक्ती सांगू शकेल. त्यासाठी तिला आधी विचारायला मात्र हवं.