वायरलेसचा पल्ला : वॅट आणि अँटेना

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील उत्तन, पाली, चौक येथील मासेमारी बोटी डोल जाळी घेऊन खोल समुद्रात जातात. किनारा दिसेनासा झाला, की तांडेलाला आधार उरतो तो व्हीएचएफ वायरलेस संचाचा. बोटीवरील अशा संचाची कमाल शक्ती २५ वॅट असते. संकटकाळी हाक देण्याचे १६ क्रमांकाचे चॅनल १५६.८ मेगाहर्ट्झवर चालते. वॅट वाढविले की पल्ला वाढतो, हा समज सार्वत्रिक असला तरी अपुरा आहे.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वी मात्र गोल आहे. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्यास ४.१ ने गुणले, की तिचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही टोकांच्या क्षितिजांची बेरीज ही संपर्काची ढोबळ मर्यादा. पाण्यापासून चार मीटर उंच अँटेना असलेल्या दोन बोटींमध्ये ती सुमारे १६ किलोमीटर भरते. त्यांपैकी एक अँटेना किनाऱ्यावर ३६ मीटर उंचीवर असेल, तर ३३ किलोमीटर!

मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट करण्यास शक्ती चौपट लागते. त्यामुळे १ वॅटचे २५ वॅट केल्यास पल्ला पाचपट होतो, तोही कागदावर. क्षितिजापलीकडे ही वाढ फारशी कामी येत नाही. शिवाय अधिक वॅटमुळे केवळ आपला आवाज दूर जातो. चांगली अँटेना समोरचे क्षीण उत्तरही ऐकविते.

मात्र सर्वाधिक 'गेन'ची अँटेना सर्वोत्तम, असेही नव्हे. गेन म्हणजे नवी शक्ती नव्हे. फुगा वरून दाबावा तशी लहर चपटी होऊन आडवी पसरते. नऊ डेसिबलची अँटेना डुलणाऱ्या लहान बोटीवर लावल्यास तिची लहर कधी आकाशात, कधी पाण्यात जाते. तेथे तीन वा सहा डेसिबलचीच बरी, आणि तीही डोलकाठीच्या टोकाशी. केबलकडेही दुर्लक्ष नको. दहा मीटर बारीक केबलमध्ये एक तृतीयांशाहून अधिक शक्ती वाया जाते. खाऱ्या हवेने गंजलेला जोड उरलीसुरली खातो.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी नौकांवर एक लाख उपग्रह-ट्रान्सपॉण्डर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. उपग्रह डोक्यावर असल्याने तेथे क्षितिजाचा अडसर नाही. मात्र शेजारच्या बोटीला थेट हाक मारण्यासाठी व्हीएचएफच लागतो, आणि संकटात बहुधा तीच बोट आधी पोहोचते.