व्ही. शांताराम : ‘प्रभात’ ते ‘राजकमल’

कोल्हापूर येथे १८ नोव्हेंबर १९०१ रोजी जन्मलेले शांताराम राजाराम वणकुद्रे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत चित्रपटकला शिकले. ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) त्यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली, ‘नेताजी पालकर’ (१९२७) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला मूकपट. १९२९ मध्ये विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. ‘अयोध्येचा राजा’पासून (१९३२) कंपनी बोलपटांकडे वळली आणि पुढच्याच वर्षी पुण्यास हलली.

शांतारामबापूंचे नाव निघताच अनेकांना संध्या यांची नृत्ये आणि रंगांची उधळण आठवते. त्यांची खरी थोरवी मात्र पुण्यातील कृष्णधवल चित्रपटांत आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील ‘कुंकू’मध्ये (१९३७) म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला लग्न मानण्यास नकार देते. शांता आपटे यांची ही नीरा रडत बसत नाही. ती भांडते, प्रश्न विचारते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, ग्रामोफोन, घरातले आवाज एवढ्यावरच सारा ताण पेलला आहे. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षे झाली असताना, गाण्यांवाचून पाऊल न टाकणाऱ्या चित्रसृष्टीत हे धाडसच होते.

‘माणूस’ (१९३९) हा पोलीस शिपाई आणि वेश्या यांच्या प्रेमाचा, पण ‘देवदास’छाप आत्मनाशाला नकार देणारा चित्रपट. ‘शेजारी’त (१९४१) धरणाच्या निमित्ताने दोन जिवलग शेजाऱ्यांत, एका हिंदू व एका मुसलमानात, फूट पाडली जाते. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदूची भूमिका मजहर खान यांनी आणि मुसलमानाची गजानन जागीरदारांनी केली. फाळणीच्या सहा वर्षे आधीची ही योजना पुरेशी बोलकी आहे.

१९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून त्यांनी परळला ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. ‘शकुंतला’, ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’ अशी यशाची मालिका सुरू झाली. दामले-फत्तेलालांसारखे जोडीदार मात्र राहिले नाहीत, आणि भव्यतेला आवर घालणारेही कोणी उरले नाही. अपवाद ‘दो आंखें बारह हाथ’चा (१९५७). औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर गदिमांनी लिहिलेल्या या कथेत सहा खुनी कैदी ओसाड जमीन पिकवतात. वळूशी झुंजीच्या चित्रीकरणात बापूंच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. १९५८ मध्ये बर्लिन महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले.

‘पिंजरा’ने (१९७२) सत्तरीतल्या बापूंना मराठीत पुन्हा उदंड यश दिले. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.