जुन्या साडीचा नवा धंदा: अपसायकल कपड्यांचा व्यवसाय सुरू करताना गणित कुठे चुकतं?

दिवाळीची साफसफाई निघाली की प्रत्येक घरात एक गाठोडं तयार होतं. एकदाच नेसलेल्या साड्या, घट्ट झालेले कुर्ते, गुडघ्यावर विरलेल्या जीन्स. पूर्वी हे गाठोडं बोहारणीकडे जायचं आणि बदल्यात एखादं स्टीलचं पातेलं घरी यायचं. आता त्याच गाठोड्यातून श्रग, जॅकेट आणि टोट बॅग शिवून इन्स्टाग्रामवर विकणारे ब्रँड उभे राहतायत.

रील्स बघून हा धंदा सोपा वाटतो. कच्चा माल जवळपास फुकट, घरात शिलाई मशीन आणि वर पर्यावरणाचं पुण्य. पण सुरू करणाऱ्यांपैकी बरेच जण अडकतात ते नेमके याच ‘फुकट’ शब्दापाशी.

अपसायकलिंग म्हणजे नेमकं काय?

रिसायकलिंगमध्ये कापड फाडून त्याचे पुन्हा धागे केले जातात. हरियाणातलं पानिपत यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे जुन्या लोकरी कपड्यांपासून ‘शॉडी’ सूत आणि ब्लँकेट्स बनतात. अपसायकलिंगमध्ये कापड मोडत नाहीत. आहे त्याच कापडातून पहिल्यापेक्षा जास्त किमतीची वस्तू बनवतात.

शब्द नवा असला तरी काम जुनंच आहे. आपल्याकडची गोधडी किंवा वाकळ, बंगालमधला कांथा, जपानमधलं बोरो ही सगळी याच कामाची रूपं. फरक इतकाच की गोधडी घरच्यासाठी शिवली जायची, त्यामुळे आजीच्या तासांचा हिशोब कुणी मांडला नाही. धंद्यात तो मांडावाच लागतो.

कापडाचा कचरा आहे तरी किती?

‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापड-कचरा जमा होतो. जगाच्या एकूण कापड-कचऱ्यात हा वाटा साधारण ८.५ टक्के आहे. यातला निम्म्याहून थोडा जास्त कचरा आपल्या घरांमधून येतो आणि सुमारे ४२ टक्के कारखान्यांमधून.

नवा धंदा सुरू करणाऱ्यासाठी हा दुसरा आकडा जास्त कामाचा आहे.

माल कुठून घ्यायचा?

मालाचे मुख्य प्रकार तीन.

* कारखान्यातली कतरण आणि कटपीस: कपडा बेतताना उरलेले तुकडे. स्वच्छ आणि न वापरलेले असतात, पण आकार लहान. पॅचवर्क, बॅगा, पाऊच यांसाठी योग्य.
* उरलेले थान: ऑर्डर रद्द झाली, रंग थोडा चुकला किंवा विणीत दोष राहिला म्हणून पडून असलेलं कापड. एकाच कापडाचे १५-२० कपडे निघू शकतात, म्हणून साइजप्रमाणे माल काढता येतो. भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव या यंत्रमागाच्या गावांमध्ये किंवा शहरातल्या गारमेंट युनिट्समध्ये चौकशी करता येते.
* वापरलेले कपडे: साड्या, जीन्स, चादरी. एक पाचवारी साडी म्हणजे साधारण साडेपाच मीटर सलग कापड, म्हणून साडीला मागणी जास्त. पण प्रत्येक नग वेगळा.

वापरलेल्या मालात छाननी महत्त्वाची. साडी उजेडासमोर धरली की विरलेला भाग दिसतो. जुनं रेशीम घडीवर चिरतं. वरून चकचकीत दिसणारी साडी शिवताना फाटू शकते. ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का तेही बघावं लागतं. दहा साड्या घेतल्या की दहाही वापरता येतील, असं धरून कधीच चालू नये.

खरा खर्च कशावर होतो?

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, गावाप्रमाणे बदलतील.

२०० रुपयांच्या एका साडीतून दोन श्रग निघाले, म्हणजे एका श्रगला कापड १०० रुपयांचं. धुणं, इस्त्री, रफू ५०. अस्तर, दोरा, बटणं १२०. बेतणं आणि शिलाई ३००. लेबल आणि पॅकिंग ४०. झाले ६१०. त्यात कुरिअरचे ८० आणि फोटो-जाहिरातीचे १०० धरले की ७९०.

हा श्रग ९०० ला विकला तर हातात ११० राहतात. त्यातूनच वीज, भाडं, फुकट गेलेल्या साड्या आणि न विकलेला माल भागवायचा. म्हणजे किंमत १३०० च्या आसपास ठेवावी लागते. हाच श्रग ३० टक्के कमिशन घेणाऱ्या दुकानात ठेवला तर १३०० पैकी ९१० मिळतात. कुरिअर आणि जाहिरात वाचली तरी ३०० च उरतात.

या हिशोबात कापड सगळ्यात मोठा खर्च नाही. मोठा खर्च आहे माणसाच्या वेळेचा. नव्या थानातून एकावर एक थर ठेवून एकदम वीस कपडे बेतता येतात. जुन्या साडीत डाग आणि विरलेली जागा चुकवत प्रत्येक नग वेगळा बेतावा लागतो.

किंमत कमी ठेवायची म्हटलं की कात्री शिलाईच्या दरालाच लागते. पॅचवर्कच्या एका नगाला सहा तास लागले आणि ३०० रुपये दिले, तर तासाला ५० रुपये पडले. असा कपडा ‘सस्टेनेबल’ म्हणून विकला जातो, पण शिवणाऱ्या बाईचं घर त्यावर चालत नाही. त्यामुळे नगाचा दर ठरवण्याआधी घड्याळ लावून दोन-तीन नमुने शिवून बघणं हाच बरा मार्ग.

कागदपत्रं आणि भांडवल

* उद्यम नोंदणी: आधारवर, ऑनलाइन आणि मोफत. पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून सावध राहा.
* जीएसटी: महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण परराज्यात माल पाठवायचा किंवा ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकायचं असेल तर नियम वेगळे आहेत. सुरुवातीलाच सीएला विचारलेलं बरं.
* कर्ज: मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि केंद्राची पीएमईजीपी योजना यांत अनुदानही आहे. बचत गटांना ‘उमेद’च्या प्रदर्शनांमध्ये विक्रीची संधी मिळते.

जाहिरात जपून

‘१०० टक्के इको-फ्रेंडली’ असं सहज लिहिलं जातं. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत. पर्यावरणाचा दावा केला तर त्याला पुरावा लागतो. त्यापेक्षा ‘बाहेरचं कापड जुन्या साडीचं, अस्तर नवं’ असं सरळ लिहिलं तर ग्राहकाचा विश्वास बसतो. दुसऱ्या ब्रँडचा लोगो दिसेल असा तुकडा वापरणंही टाळावं, त्यातून ट्रेडमार्कचा वाद उभा राहू शकतो.

कुणाला जमलंय?

दिल्लीच्या कृती तुला यांनी २०१२ मध्ये ‘डूडलेज’ सुरू केलं. त्यांचा भर कारखान्यांतल्या उरलेल्या आणि दोष असलेल्या कापडावर. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेलं ‘आय वॉज अ सारी’ जुन्या साड्यांपासून कपडे आणि दागिने बनवतं आणि वंचित घरांमधल्या महिलांना काम देतं. परदेशात स्वित्झर्लंडच्या ‘फ्रायटाग’ने १९९३ पासून ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या बॅगा विकल्या.

तिघांचा माल वेगळा, पण पद्धत सारखी. एक ठराविक कच्चा माल निवडायचा, मोजकी डिझाइन्स ठेवायची आणि प्रत्येक नग वेगळा असणं हीच त्याची ओळख म्हणून विकायची.

म्हणून सुरुवात करताना दहा प्रकारच्या वस्तू नकोत. एक वस्तू, वीस नग आणि प्रत्येक नगाला लागलेला वेळ लिहिलेली एक वही. वीस नग ओळखीच्या लोकांबाहेर पूर्ण किमतीला विकले गेले, तर दुसरी मशीन घ्यायला हरकत नाही.